'हेडवे' म्हणजे नुसती प्रगती नव्हे

पदवीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "शब्दकोशात 'हेडवे'चा अर्थ 'प्रगती' दिलाय आणि 'प्रोग्रेस'चा अर्थही 'प्रगती'च. मी 'माय सिस्टर गॉट अ व्हेरी गुड हेडवे इन द एक्झाम' असं वाक्य लिहिलं, तर सरांनी लाल रेघ मारली. यात चुकलं काय? हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत का? आणि हा शब्द मुळात आला कुठून?"

सरांची रेघ बरोबर आहे. त्या वाक्यात व्याकरणाची एक चूक आहे आणि अर्थाची एक. व्याकरणाची चूक पाच मिनिटांत सुटते. अर्थाची मात्र समुद्रावर गेल्याशिवाय नीट समजत नाही, म्हणून आधी तिकडेच जाऊ. मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो आणि आता जहाजावर जाणाऱ्या मुलांना सागरी इंग्रजी शिकवतो. 'हेडवे' हा आमच्या रोजच्या कामातला शब्द आहे. किनाऱ्यावर तो फार सैलपणे वापरला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याचा खरा अर्थ फार नेमका आहे.

जहाजावर 'वे' हा शब्द रस्ता या अर्थाने कोणी वापरत नाही. तिथे 'वे' म्हणजे पाण्यातून चाललेली जहाजाची गती. जहाज नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) दिशेने, म्हणजे पुढे जात असेल तर त्याला 'हेडवे' आहे. मागे सरकत असेल तर 'स्टर्नवे'. वाऱ्याने आडवं ढकललं जात असेल तर 'लीवे'. आणि सुकाणू फिरवल्यावर जहाज ऐकेल इतपत गती असेल तर तो 'स्टिअरेज वे'.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हेडवे इंजिनावरून ठरत नाही, जहाजावरून ठरतो. समजा तीनशे मीटर लांबीचं तेलवाहू जहाज पूर्ण वेगात आहे आणि समोर काहीतरी आडवं आलं. इंजिन पूर्ण उलटं फिरवायचा हुकूम दिला, जहाज ढकलणारा पाण्याखालचा पंखा उलटा फिरू लागला. तरी जहाज पुढेच जात राहतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००२ च्या निकषांप्रमाणे अशा वेळी जहाज स्वतःच्या लांबीच्या १५ पट अंतरात थांबायला हवं आणि फार अवजड जहाजांना २० पटींपर्यंत मुभा आहे. तीनशे मीटरचं जहाज घेतलं तर १५ पट म्हणजे साडेचार किलोमीटर. या सगळ्या अंतरात इंजिन मागे ओढतंय, पण जहाजाला हेडवे आहे. धक्क्याला लावताना पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा अधिकारी, काळजीने पाहतो ते हेच: इंजिन बंद केलं हे ठीक, पण अंगात हेडवे किती उरलाय?

याची उलटी बाजूही आहे. इंजिन पुढे चालू आहे, धुराड्यातून धूर निघतोय, पंखा पाणी घुसळतोय, आणि समोरून प्रवाह तितक्याच जोराने येतोय. पाण्यातून जहाज तीन नॉटने (तासाला तीन सागरी मैल) चाललंय आणि पाणी तीन नॉटने मागे चाललंय. किनाऱ्यावरचं दीपगृह तासभर त्याच जागी दिसतं. अशा वेळी इंग्रजीत म्हणतात, जहाजाला प्रवाहाविरुद्ध हेडवे करता येत नाहीये. काटेकोर बोलायचं तर पाण्यातून गती आहे आणि जमिनीच्या हिशेबात नाही. म्हणून लॉगवर, म्हणजे जहाजाच्या वेगमापकावर, वेग वाचताना तो पाण्यातला की जमिनीवरचा, हे आधी विचारायची सवय आम्ही मुलांना लावतो. रोजच्या इंग्रजीत जो 'हेडवे' गेला तो जमिनीच्या हिशेबाचा: सगळा विरोध वजा करून पदरात जे पडलं ते.

कष्ट आणि पुढे सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक या शब्दात बांधलेला आहे. 'प्रगती'मध्ये तो नाही.

विल्यम फाल्कनर नावाचा एक स्कॉटिश खलाशी होता, कवीही होता. त्याने १७६९ मध्ये नौकानयनाचा मोठा इंग्रजी कोश छापला. त्यात 'हेडवे'ची नोंद आहे. अर्थ दिलाय समुद्रावर पुढे सरकणं, पण पुढे तो सांगतो की हा शब्द मुख्यतः दोन प्रसंगी वापरतात: जहाज नुकतंच हलायला लागलेलं असताना, किंवा वारा पडलेला असताना, जेव्हा जहाज थांबलंय की चाललंय याचीच शंका असते. अडीचशे वर्षांपूर्वीची ही नोंद मला आजच्या कित्येक कोशांपेक्षा उपयोगी वाटते. भरधाव जहाजाबद्दल कोणी 'हेडवे आहे का' असं विचारत नाही. शंका असते तिथेच हा शब्द लागतो. (फाल्कनर त्याच वर्षी हिंदुस्थानकडे निघालेल्या 'अरोरा' या जहाजावर होता. केप टाऊन सोडल्यानंतर त्या जहाजाचा पत्ता लागला नाही.)

शिडाच्या काळात हेडवे जाणं किती धोक्याचं होतं हेही थोडं सांगतो. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं. पाणी वाहायला जहाज हलतं हवं. चौकोनी शिडांचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या रेषेपासून साधारण ६७ अंश बाजूला राहूनच ते पुढे जाऊ शकतं. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला जायचं तर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अशी नागमोडी वाट काढावी लागते. दर वळणाला नाळ क्षणभर वाऱ्याच्या तोंडावर येते. तेवढ्या क्षणात अंगात हेडवे पुरेसा असेल तर जहाज पलीकडे वळतं. नसेल तर ते तिथेच अडकतं, शिडं उलटी फुगतात, जहाज मागे सरकू लागतं आणि सुकाणूचा परिणाम उलटा होतो. खडक जवळ असेल तर त्यातून जहाज फुटायचं. तांडेलाच्या डोळ्यांसमोर हेडवे म्हणजे ही गोष्ट होती.

आपल्या किनाऱ्याला याचा अनुभव नवा नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यात कोकणातली गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात घालायचे, याचं मोठं कारण हेच की त्या वाऱ्यासमोर आणि लाटांसमोर शिडाला पुढे सरकताच येत नसे. वाफेचं इंजिन आलं तेव्हा पहिल्यांदा वारा समोर असतानाही जहाज सरळ रेषेत पुढे जाऊ लागलं. मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझला निघाली, पण तीही मोसमी वारे सुरू होण्याच्या आधी.

आजच्या नियमांतही हा फरक जिवंत आहे. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत जहाज 'अंडरवे' कधी म्हणायचं? ते नांगरलेलं नसेल, किनाऱ्याला बांधलेलं नसेल आणि गाळात रुतलेलं नसेल तर. म्हणजे इंजिन बंद करून समुद्रात नुसतं तरंगत असलेलं जहाजही 'अंडरवे' असतं! प्रत्यक्ष चालत असेल तर त्याला 'मेकिंग वे' म्हणतात. धुक्यात भोंगे वाजवायचे तेही यावरूनच ठरतं. यांत्रिक जहाज पाण्यातून चाललेलं असेल तर जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा. अंडरवे आहे पण चालत नाही, तर दोन लांब भोंगे, मध्ये सुमारे दोन सेकंदांचं अंतर. धुक्यात काही दिसत नसताना समोरचा चालतोय की नुसता तरंगतोय हे कानाने कळावं म्हणून ही सोय आहे. परीक्षेत या दोन शब्दांत गोंधळणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. 'प्रोजेक्ट इज अंडरवे' आणि 'वी आर मेकिंग हेडवे' या वाक्यांतही हेच अंतर आहे. पहिल्यात काम सुरू झालंय इतकंच सांगितलं आहे. ते पुढे सरकतंय हे दुसऱ्यात.

आता व्युत्पत्ती. सागरी 'हेडवे' हा 'अहेड-वे'चं आखूड रूप आहे आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून तो लिखाणात सापडतो. 'अहेड' हाही मूळचा खलाशांचाच शब्द, सतराव्या शतकातला. जहाजाचं 'हेड' म्हणजे पुढचं टोक. (जहाजावरच्या संडासाला आजही 'हेड' म्हणतात, कारण पूर्वी तो नाळेपाशी असे.) त्याआधीच्या इंग्रजीत याच दोन शब्दांचा जोडशब्द 'मुख्य रस्ता' या अर्थाने होता, पण आजचा अर्थ त्यातून आलेला नाही. स्पेलिंग सारखं असल्यामुळे काही जण तो धागा जोडतात. जोडू नये.

'वे'ची गोष्ट मराठी माणसाला जवळची वाटावी अशी आहे. जुन्या इंग्रजीत तो 'वेग' असा लिहीत. ते पाहून आपला 'वेग' आठवतो, पण ते साम्य वरवरचं आहे. आपला 'वेग' संस्कृत 'विज्' या धातूपासून आला. इंग्रजी 'वे'चं खरं नातं आहे ते संस्कृत 'वह्' या धातूशी, म्हणजे आपल्या वाहणे, वाहन, वहन या शब्दांशी. लॅटिनमधून आलेला 'व्हेइकल' त्याच कुळातला. नांगर उचलण्यासाठी इंग्रजीत 'वे अँकर' म्हणतात. त्यातलं क्रियापद वजन करण्याचं, स्पेलिंग वेगळं, पण मूळ धातू तोच, वाहून नेण्याचा. या जवळिकीमुळे 'अंडर वे'चं स्पेलिंग बरीच वर्षं नांगराच्या क्रियापदासारखं लिहिलं जात होतं. तो शब्द खरं तर डच 'ऑन्डरवेख' म्हणजे 'वाटेवर' यावरून आला.

'प्रोग्रेस' मात्र लॅटिन. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'ग्रादी' म्हणजे पावलं टाकणं. यातला 'प्रो' आणि आपल्या 'प्रगती'तला 'प्र' हे एकाच मुळाचे. म्हणून 'प्रोग्रेस'ला 'प्रगती' हे चपखल बसतं. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी उन्हाळ्यात लवाजम्यासह राज्यात फिरायची त्या दौऱ्यांनाही 'प्रोग्रेस'च म्हणत. पावलापावलाने, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या दिशेने जाणं त्यात आहे. अडथळा असायलाच हवा असं नाही. म्हणून विद्यार्थ्याचा प्रोग्रेस असतो, आजाराचा असतो, समाजाचा असतो, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर हाच शब्द असतो. 'हेडवे रिपोर्ट' असं कोणी म्हणत नाही. 'ह्युमन हेडवे'ही नाही.

तुमच्या वाक्यातली अर्थाची चूक इथे आहे. बहिणीला परीक्षेत चांगले गुण मिळाले, तर तो निकाल झाला, हेडवे नव्हे. पण समजा गणित तिला अजिबात जमत नव्हतं, महिनोन्महिने काहीच कळत नव्हतं आणि आता कुठे गाडी रुळावर येऊ लागलीय, तर 'शी इज फायनली मेकिंग सम हेडवे विथ मॅथ्स' हे वाक्य सुंदर आहे. त्यात मागची सगळी अडचण न सांगता आली.

व्याकरण थोडक्यात. 'हेडवे' हे न मोजता येणारं नाम आहे. त्याच्या आधी 'अ' येत नाही, त्याचं अनेकवचन होत नाही. क्रियापद 'मेक'. 'डू', 'टेक', 'गेट' चालत नाहीत. 'गेन' चालतं, आणि त्याची एक खास जागा आहे: आग. अग्निशमन दल पोहोचेपर्यंत आगीने बराच हेडवे 'गेन' केला होता, अशी वाक्यं इंग्रजी बातम्यांत, विशेषतः अमेरिकेतल्या, दिसतात. तिथे शब्द वाईट गोष्टीच्या फैलावासाठी आलाय. म्हणजे हेडवे चांगलाच असतो असं नाही. ज्याला आवरायचंय ते आवाक्याबाहेर सरकू लागलं की त्याचाही हेडवे होतो.

पुढे येणाऱ्या शब्दयोगींबद्दल: अवघड कामाबरोबर 'ऑन' किंवा 'विथ', क्षेत्र किंवा तपास असेल तर 'इन', आणि विरोधी शक्ती नावानिशी सांगायची असेल तर 'अगेन्स्ट'. 'द पोलीस हॅव मेड लिटल हेडवे इन द केस.' 'वी मेड सम हेडवे ऑन द बॅकलॉग.' 'द बोट कुड नॉट मेक हेडवे अगेन्स्ट द करंट.' वर्तमानपत्रं चाळताना पाहा, या शब्दाच्या आधी 'नो', 'लिटल', 'सम', 'एनी' हे वारंवार दिसतील. 'मच'ही येतो, पण बहुधा नकारात: 'हॅजन्ट मेड मच हेडवे'. फाल्कनरने सांगितलेली ती शंका, जहाज हलतंय की नाही ही, अजून या शब्दाला चिकटून आहे. 'कन्सिडरेबल' किंवा 'सिग्निफिकंट' लावता येतं, पण तेव्हाही वाचणारा मनात विचारतो, कशाच्या विरुद्ध?

'लीवे'शी घोटाळा करू नका. 'ली' म्हणजे वारा ज्या बाजूला जातो ती बाजू. जहाज त्या बाजूला जितकं ढकललं जातं तो लीवे. हुशार नाविक मार्ग आखतानाच तेवढी जागा धरून ठेवतो. त्यातून 'मोकळीक, सूट' हा आजचा अर्थ आला: बॉसने लीवे दिला, म्हणजे थोडं इकडेतिकडे व्हायला जागा ठेवली. ब्रिटिश इंग्रजीत 'मेक अप लीवे' म्हणजे मागे पडलेलं भरून काढणं. दोन्ही शब्द एकाच जहाजावरचे, पण दिशा वेगळ्या.

मराठीत काय म्हणावं? भाषांतर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक ठिकाणी 'प्रगती' टाकू नका. 'वाटाघाटींत प्रगती झाली नाही' हे वाक्य निर्जीव आहे. 'वाटाघाटी पुढे सरकल्याच नाहीत' म्हणा. तपासाबद्दल 'तपास तसूभरही पुढे गेलेला नाही' म्हणा. तसू हे लांबीचं जुनं माप, साधारण इंचभर, आणि इतक्या बारीक हालचालीचा हिशेब 'हेडवे'तही असतो. घरगुती बोलण्यात 'घोडं पुढे जाईना', 'गाडी हलेना' हे आहेच. होकारार्थी असेल तर 'आता कुठे काम मार्गी लागतंय', 'वाट सापडतेय', 'बाजारात पाय रोवले' यांपैकी प्रसंग पाहून निवडा. विरोध ठळक असेल तर 'रेटा देऊन पुढे सरकले'. 'सरकणे' हे क्रियापद मला सर्वांत जवळचं वाटतं. त्यात कष्टही आहेत आणि जागा बदलल्याचा पुरावाही.

शेवटी एक अगदी वेगळा 'हेडवे', कारण मुंबईत राहणाऱ्याला तो बातमीत भेटतोच. रेल्वेत आणि मेट्रोत 'हेडवे' म्हणजे एकाच मार्गावर एकामागून एक येणाऱ्या दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी हे अंतर सुमारे तीन मिनिटांचं असतं. तीन मिनिटांचा हेडवे म्हणजे एका मार्गावरून तासाला वीस गाड्या. तो अडीच मिनिटांवर आणला तर चोवीस. नुसते डबे वाढवून जे साधत नाही ते अंतर कमी करून साधतं, म्हणून उपनगरी मार्गांवर नव्या सिग्नल यंत्रणेची इतकी चर्चा असते. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी सोडतात. नव्या पद्धतीत गाडी आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत राहते, त्यामुळे मागच्या गाडीला ब्रेक लावायला लागणारं अंतर सोडून जवळ येता येतं. ब्रेक लागण्याचं अंतर आणि स्थानकावर गाडी थांबण्याचा वेळ, या दोन गोष्टींखाली हेडवे नेता येत नाही. दादरला उतरणारे-चढणारे तीस सेकंदांऐवजी पन्नास सेकंद घेऊ लागले की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात ते यामुळेच.

या अर्थाचा हेडवे मोजता येतो, त्याचं अनेकवचन होतं, त्याच्या आधी 'अ' येतो आणि तो कमी झाला तर आनंदाची गोष्ट असते. वर सांगितलेले सगळे नियम इथे उलटे. शेजारी मिनिटं किंवा सेकंद दिसले की हा रेल्वेचा. शेजारी 'मेक' दिसलं की जहाजाचा. याखेरीज कमानीखाली किंवा जिन्याखाली डोक्यावर उरणाऱ्या मोकळ्या उंचीलाही स्थापत्यात 'हेडवे' म्हणतात, जरी हल्ली 'हेडरूम' जास्त चालतो. आणि उत्तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत खोदलेल्या एका प्रकारच्या बोगद्यालाही हेच नाव होतं. ते तुमच्या परीक्षेत येणार नाही.

तुमचं वाक्य दुरुस्त करून हवं असेल तर: गुण चांगले मिळाले असतील तर 'माय सिस्टर डिड व्हेरी वेल इन द एक्झाम'. वर्षभरात सुधारणा झाली असेल तर 'शी हॅज मेड गुड प्रोग्रेस', इथेही 'अ' नको. आणि अडलेल्या विषयात आता कुठे पुढे सरकू लागली असेल, तरच 'हेडवे'.